पिस्ता रंगाच्या आधी

"ऐतवारी रंगारी येतंय. म्होरची भिंत, मागची भिंत, सगली पिस्ता मारून टाकायची."

"आन् दारं?"

"दारं चॉकलेटी. पोराचं लगीन हाय गो, घर कसा पेढ्याच्या खोक्यावानी दिसाला पायजे!"

दोघी खळखळून हसल्या. एक समोरच्या घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, दुसरी शेजारच्या दारात उभी होती. त्यांच्या बोलण्याशी माझा काही संबंध नव्हता. मी गल्लीच्या अलीकडे, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर मांडीवर कॉलेजची फाइल उघडून बसले होते आणि अकाउंट्सचा अभ्यास करत असल्याचं दाखवत होते. फाइलच्या आत चित्रांचं पॅड होतं आणि पॅडवर त्यांचंच घर होतं. 'पिस्ता' ऐकलं आणि हातातली पेन्सिल इतकी दाबली गेली की टोक तुटून कौलांवर काळा ठिपका उमटला.

तो गुरुवार होता.

ठाण्याच्या त्या कोळीवाड्यात मी महिनाभर जात होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही राहायचो डोंबिवलीला, माझं कॉलेज ठाण्यात. लेक्चर्स संपली की ठाण्यातच खोपटला मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं घरी सांगून ठेवलेलं असायचं, आणि मी खाडीच्या बाजूला वळायचे. देवळाची पायरी मी विचार करून निवडली होती. एकटी मुलगी रस्त्यात कुठेही उभी राहिली तरी कुणीतरी विचारतंच, काय गं, कुणाकडे आलीस? देवळाच्या पायरीवर बसलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही. तिचं काय ते देवाशी चाललंय असं लोक धरून चालतात.

मला प्रश्नांची भीती वाटायची. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे घराबाहेर मराठी बोलायची वेळ आली की वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं. मग मी त्याचं मराठी करायचे, ते बरोबर आहे का ते तपासायचे, आणि तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. म्हणून चित्रंसुद्धा मी अशाच इमारतींची काढायचे जिथे बोलायला कुणी नसेल. ठाकुर्लीचे रेल्वेचे दगडी बंगले. कल्याणच्या खाडीवरची कुलूप लागलेली वखार. ठाण्याच्या तलावाकाठची एक जुनी इमारत, तीही रविवारी सकाळी, दारं उघडायच्या आत. डोंबिवलीच्या चित्रकलेच्या क्लासचे आमचे सर ही चित्रं बघून दर वेळी एकच बोलायचे, "दगड जमतो तुला. कौलं जमतात. भिंत कुठाय? ही तर नुसती रिकामी जागा सोडल्यासारखी वाटते."

त्यांचं खरं होतं. माझ्या पांढऱ्या भिंती मेलेल्या असायच्या. राखाडी रंग लावला तर मळक्या दिसायच्या, काही नाही लावलं तर विसरल्यासारख्या.

आणि मग हे घर दिसलं. बैठं, लांबलचक, मंगलोरी कौलांचं. पुढे रुंद ओटा, ओट्याच्या कडेला सागाचे काळे पडलेले खांब. छपराला आधार द्यायला प्रत्येक खांबातून एक कोरीव लाकडी हात बाहेर आलेला, आणि त्याच्या टोकाला लाकडी पोपट. ओट्यामागे भिंत. लांबून ती पांढरी दिसायची. पायरीवर बसून मी ती तासन्‌तास बघितली तेव्हा कळलं की तिच्यात पांढरा सोडून सगळे रंग आहेत. वरचा भाग निळसर. माणसं पाठी टेकून बसतात तिथे एक गुळगुळीत, लोण्यासारखा पट्टा. दाराजवळ पापुद्रा निघालेला, त्याच्या आत जुना हिरवा थर, त्याच्याही आत गेरू. कुणीतरी कधीतरी हळदीच्या हातांनी तिथे ठसे उमटवले होते, ते चुन्याच्या थरांखालून अजून किंचित पिवळे दिसायचे.

आणि ऊन. घराचं तोंड पश्चिमेला होतं. दुपारभर छपराची सावली सबंध भिंत झाकून असायची. मग सूर्य कलला की ऊन छपराखालून आत शिरायचं. त्या लाकडी पोपटांच्या सावल्या आधी ओट्याच्या लादीवर पडायच्या, मग सरकत सरकत भिंतीच्या पायाशी यायच्या आणि भिंतीवर चढायला लागायच्या. एकामागोमाग एक, रांगेत. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी पायरीवरून उठूनच उभी राहिले होते.

महिनाभर मी ते घर पेन्सिलीने काढत होते. रंगात एकदाही नाही. पेन्सिल फाइलमध्ये लपते. रंगांची पेटी उघडायची म्हणजे पाणी हवं, थाळी हवी, पाय पसरायला जागा हवी. पेटी उघडली की कोपऱ्याकोपऱ्यावरून माणसं येतात. मी रोज ठरवायचे, उद्या.

आता उद्या आणि परवा एवढंच उरलं होतं. रविवारी तिथे ऑइलपेंट लागणार होता.

डोंबिवलीला उतरून घरी चालत जाताना मी स्वतःशी अखंड बडबडत होते. कौलं आधी, मग खांब, सावली शेवटी. ही भिंत मी घेणारच. रंगात, मोठ्या कागदावर, हातकागदावर.

हातकागद मामाने पुण्याहून आणला होता, एक गुंडाळी. सुती चिंध्यांच्या लगद्याचा, दातेरी कडांचा. उजेडात धरला की आत धागे पोहताना दिसायचे. इतका देखणा की त्याच्यावर काही काढू नये. आणि काढलं तर तो टिपकागदासारखा रंग पिऊन टाकायचा. माझ्या पहिल्या चित्रातला खांब पसरून झाडाएवढा झाला होता. सर बोलले, "याला आधी खळ दे. मग रंग वर थांबेल." लायब्ररीतल्या इंग्रजी पुस्तकात त्यासाठी जिलेटिन आणि तुरटी सांगितली होती. माझी गुंडाळी प्रयोगांतच संपली, एक मोठा कागद सोडून.

शुक्रवारी कॉलेजला दांडी मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, "आई, साबुदाण्याची खळ कशी करतात?"

आई भाजी चिरत होती. सुरी थांबली. "तुला साडी नेसायचीय?"

"कागदाला लावायचीय."

"पुस्तकात हे लिहिलंय?"

"पुस्तकात जिलेटिन लिहिलंय."

"ते कशाचं असतं?"

मी सांगितलं.

"हाडांचं? माझ्या पातेल्यात? साबुदाणाच बरा. निदान उपासाला चालतो." तिने सुरी खाली ठेवली. "कसलं चित्र काढतेयस?"

"एक घर आहे. ठाण्यात."

"खोपटला?"

मी साबुदाण्याचा डबा काढायला वळले.

"नाही ना? मला माहीतच होतं. खोपटच्या मैत्रिणीकडे अभ्यास करून ओढणीला शेंदूर कसा लागतो गं? दोनदा धुतला मी."

"मारुतीच्या देवळात बसते मी. समोर ते घर आहे. तिथून काढते."

"मारुतीच्या?" आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं. "अगं कार्टे, मी गेले पंधरा दिवस धड झोपले नाहीये! म्हटलं शेंदूर कुठला, कुंकूच असेल. कुणाशी काय करून बसलीय कोण जाणे. यांना कसं सांगायचं याची तयारी करत होते मी!"

त्यानंतर ती माझ्यापेक्षा उत्साहाने कामाला लागली. साबुदाणा भिजवला, शिजवला, गाळला, काचेसारखी आरपार दिसेल अशी पातळ खळ केली. संध्याकाळी मी कागद फडक्यावर पसरला तर मला बाजूला सारून बोलली, "तुझा हात जड आहे. वीस वर्षं साड्यांना खळ करतेय मी. तू आत जाऊन रंग बघ." तिने ती खळ बोळ्याने दोन्ही बाजूंना इतकी सारखी लावली की कागदावर एक रेघ उठली नाही. आम्ही तो गॅलरीत दोरीवर, बाबांच्या शर्टांच्या मध्ये, चिमटे लावून टांगला. बाबा ऑफिसातून आले, वर बघितलं, आणि बोलले, "आता कागदही धुवायला लागलात?"

सकाळी मी पळतच गॅलरीत गेले. कागद पापडासारखा कडक झाला होता. बोटाने टिचकी मारली तर वाजला. आणि तो निळा होता. आकाशी नव्हे, पण निळाच. ऐन उन्हाळ्याच्या उजेडात शंकाच राहिली नाही.

"आई! कागद निळा झालाय!"

"निळा कुठाय? पांढरा झालाय." ती आतूनच बोलली. "खळीत दोन थेंब नीळ टाकली मी. नुसती खळ लावली असती तर पिवळट दिसला असता. नीळ टाकल्याशिवाय पांढरं दिसतं का काही? बाबांचे शर्ट बघ."

"माझे शर्ट निळेच आहेत," बाबा पेपरच्या मागून बोलले. "ऑफिसात कुणी तोंडावर बोलत नाही, एवढंच."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. पांढऱ्या भिंतीसाठी जपून ठेवलेला एकुलता एक कागद, आणि त्याला आईने शर्टासारखी नीळ दिली होती. दुसरा कागद नव्हता, दुसरा दिवसही नव्हता. आईला कळलं तसं तिचं तोंड उतरलं. ती गुपचूप आत गेली, इस्त्री गरम केली आणि वर सुती फडकं ठेवून कागद सपाट करून दिला. तो मी प्लायवूडच्या फळीला टाचण्यांनी लावला आणि चपला घातल्या. रागातच गेले.

दुपारी मी पायरीवर पोचले. फळी टेकवली, पाण्याची बाटली काढली, घरून आणलेली स्टीलची थाळी काढली. रंगांची पेटी काढली, पण उघडली नाही. पेटीवर हात ठेवून बसून राहिले.

"आई गो! ती बघ, आज सामान घेऊन आलीय. ती पायरीवाली!"

समोरच्या ओट्यावरून माझ्याच वयाची एक मुलगी ओरडली होती. पायरीवाली! म्हणजे माझं नावही पडलं होतं. महिनाभर मी कुणाला दिसत नाही अशा समजुतीत तिथे बसत होते, आणि त्या घरात माझ्यावर गप्पा चालत होत्या.

ती गल्ली ओलांडून आली. मागोमाग तिची आई, हाताला तांदळाचं पीठ लागलेली. परवा ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली, नवरदेवाची आई ती हीच.

"काय गो पोरी," त्या बोलल्या, "कवापासून बगतंय मी तुला. म्युन्सिपाल्टीची हायस का? रस्ता रुंद करायचाय?"

मी मान हलवली. नाही.

"मंग बिल्डरनं धाडली?"

नाही.

"हिला बोलता येत नाय वाटतं," त्या आपल्या मुलीला बोलल्या.

"येतं गं. लाजतेय." मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसली. "आम्ही पैज लावलेली तुझ्यावर. आई बोलते सर्वेवाली हाय. मी बोलले लफडं हाय, कुणाची तरी वाट बघते. खरं सांग, कोण जिंकलं?"

वाक्य माझ्या डोक्यात तयार होत होतं. इंग्रजीत छान झालं होतं. मराठी होईपर्यंत थांबायला त्या तयार दिसेनात, म्हणून मी फाइल उघडून पॅड त्यांच्यासमोर धरलं.

दोघी वाकल्या. मावशींनी पिठाचे हात मागे नेले आणि नाक कागदाला लागेल इतक्या जवळून बघितलं.

"या बया. हे तं आपलाच घर."

"आई, तो चोच मोडलेला पोपट बघ. मोडकाच काढलाय!"

"तुज्या बापानं मोडलेला. शिमग्याला नाचताना काठी लागली." मावशी एकेक पान उलटत होत्या, करंगळीने. "हिथं मी बसलंय. हिथं बी मीच हाय. माजं तोंड का नाय गो काढलंस?"

"येत नाही मला," मी पुटपुटले. "तोंडं येत नाहीत."

"बोलली!" मुलीने टाळी वाजवली. "चल, वर ये ओट्यावर. लांबून काय बघतेस? जवळून बघ."

मी फळी उचलून त्यांच्यामागे गेले. महिनाभर ज्या ओट्याची एकेक फट मी ओळखत होते त्याच्यावर प्रत्यक्ष पाय ठेवला. लादी थंडगार होती. मावशींनी पाणी आणलं. पाणी प्यायला हात मोकळा हवा म्हणून मी फळी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली, पेला घेतला, वळले.

आणि कागद नव्हता.

म्हणजे होता. दातेरी कडा दिसत होत्या, चार टाचण्या दिसत होत्या. पण कडांच्या आत कागद कुठला आणि भिंत कुठली ते कळत नव्हतं. तोच निळसर पांढरा, तसाच थोडा उठावदार पोत. जणू कुणी भिंतीवर चार टाचण्या मारून एक चौकोन आखून ठेवला होता. मी पेला हातात धरून तशीच उभी राहिले.

"काय झाला गो?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं, कागदाकडे दाखवलं. "हा रंग... भिंतीचा... कसला आहे?"

"कसला म्हंजे? चुना हाय. दर शिमग्याच्या आदी मारतो. चुन्यात नीळ टाकायची. नायतर पिवला दिसतो ना!" त्यांनी कागदाकडे निरखून बघितलं. "तुज्या कागदाला बी नीळच हाय जनू. कोनी टाकली?"

"आईने," मी बोलले, आणि मला हसू आवरेना. मुलगी हसायला लागली, मावशीही हसल्या. त्यांना नेमकं कशाचं हसू येतंय ते माहीत नव्हतं, पण त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

भिंत झालेली होती. मला ती रंगवायचीच नव्हती. तिच्या कडेचं सगळं रंगवायचं आणि ती तेवढी सोडून द्यायची. इतकी साधी गोष्ट. मी जवळजवळ धावतच पायरीवर परत आले आणि पेटी उघडली.

पुढचे दोन-तीन तास कसे गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. कौलांवर पहिला ब्रश ठेवला आणि श्वास रोखला. रंग पसरला नाही. जिथे ठेवला तिथे, खळीच्या पातळ थरावर, थांबला, आणि चमकला. नारिंगी, मग त्याच्यात ओला असतानाच थोडा काळपट, आणि कौलं आपोआप कौलं झाली. खांबांना एकाच पट्ट्यात वरून खालपर्यंत आणलं. पापुद्र्याच्या जागी थेंबभर हिरवा, थेंबभर गेरू. लोण्यासारखा पट्टा अगदी पातळ पिवळ्याने. हळदीचे ठसे तर मी पिवळ्यात बुडवलेल्या नुसत्या बोटाने उमटवले. निळीचा कागद खालून सगळ्या रंगांना हात देत होता. जे करीन ते बरोबर येत होतं. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

मला भीती होती तसेच लोक आले. पाठीमागे उभे राहिले, डोक्यावरून वाकले. "खिडकीला गज कमी हायत." "अजून काढेल ना, थांब की." "किती पैशे घेते?" "गप रे, तिचं ध्यान मोडेल." शेजारच्या बाईंनी विचारलं, "आमचं घर मंग काढनार काय?" घरातली मुलगी माझी प्रवक्ती झाली होती. कुणीही काही विचारलं की तीच उत्तर द्यायची, "डोंबिवलीची हाय. कॉलेजात हाय. बोलत नाय, पण ऐकते सगळं." पाणी गढूळ झालं की तीच बदलून आणायची. मला काहीही बोलावं लागत नव्हतं. मी मनातल्या मनात तिचे आभार मानत होते आणि रंगवत होते.

उरली सावली. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. थाळीत जांभळ्यात किंचित गेरू घालून रंग कालवून ठेवला, भरपूर, कारण तो मध्ये संपून चालणार नव्हतं. खळीच्या कागदावर सावलीचा हात एकदाच फिरवायचा असतो. दुसऱ्यांदा ब्रश नेला की खळ सुटते, रंग चिखल होतो, आणि खालची भिंत मरते. म्हणजे पोपट नीट वर चढेपर्यंत थांबायचं, मग बघायचं आणि एका दमात काढायचं.

"तू कशाला थांबलीस?" मुलीने विचारलं.

मी ओट्याकडे बोट केलं. लादीवर सावल्या आल्या होत्या.

"पोपट? ते आता चढतील. भिंतीवरच्या मधल्या खुंटीला टेकले की आई चहा ठेवते. आमच्याकडे घड्याळ बंद असतं नेहमी."

मला हसू आलं. मी ब्रश धुतला, झटकला, रंगात बुडवला. पहिल्या पोपटाचं डोकं भिंतीवर चढलं. मग दुसऱ्याचं. चोच मोडलेला तिसरा. ऊन इतकं स्वच्छ होतं की लाकडावरच्या पिसांच्या खाचाही सावलीच्या कडेला दिसत होत्या. भिंतीचा निळसर रंग उन्हात उजळला आणि सावलीत गहिरा झाला. माझ्या कागदावरची भिंत तशीच उघडी वाट बघत होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली.

रंगारी. खांद्यावर शिडी, सायकलच्या हँडलला डबे, मागे कॅरिअरला गोणपाट. "मावशी! उद्याचं नाय जमत. दुसरीकडं काम निघालं. आज भिंत घासून ठेवतो, एक हात मारतो, परवा येऊन दुसरा."

"अरे, ऐतवारी बोललास ना?"

"शनवारला काय झालं? लगीन लवकर उरकेल तुमचं!"

लोक हसले. माझ्यामागची सगळी गर्दी एकदम पुढे सरकली, कारण नवा तमाशा समोर होता. मावशी ओट्यावर रंगाचं कार्ड घेऊन उभ्या राहिल्या. "हा पिस्ता नको, फिका हाय. हा बगा, हा गडद." शेजारच्या बाईंना गडद नको होता. रंगाऱ्याने शिडी उचलली आणि बरोबर मधल्या खुंटीजवळ भिंतीला लावली. शिडीची लांब, काळी, पायऱ्या-पायऱ्यांची सावली पोपटांवर आडवी पडली. त्याने खिशातून भिंत खरवडायचा लोखंडी पत्रा काढला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पापुद्र्याला पत्रा लावला, आणि चुन्याचा एक तुकडा, आत हिरवा, त्याच्या आत गेरू, लादीवर पडून फुटला.

मी मुलीकडे बघितलं. माझं बोलणं तीच करत होती. पण ती कार्डापाशी होती, पाठमोरी, गडद की फिका त्यात बुडालेली.

माझ्या हातातल्या ब्रशच्या टोकाला जांभळा थेंब जमत होता. तो कागदावर पडला तर संपलं. समोर पोपट खुंटीपाशी पोचले होते. अजून थोड्या वेळाने ते वर निघून जाणार होते. पत्रा पुन्हा भिंतीवर टेकला. मी वाक्याची वाट बघितली. इंग्रजीत काहीच आलं नाही, तपासायलाही काही नव्हतं. मी पायरीवर उभी राहिले, ब्रश हातात तसाच वर धरून, आणि सगळी गल्ली वळून बघेल एवढ्या जोरात ओरडले:

"ओ काका, शिडी काढा तिथनं! भिंतीला हात लावू नका! मावशी, तुम्हीपण सरका, सगळे सरका, मला दिसत नाहीये!"